हरभऱ्यातली पाखरे, छर्ऱ्याची बंदूक आणि आपले बांध



रब्बीची पेरणी आटोपली, हरभरा वीतभर वर आला, की भोजतालाच्या कोलांस नदीकडील उथळ पाण्यात आणि तिकडे हलालीच्या धरणावर परदेशची पाखरे उतरू लागतात. चक्रवाकाची जोडपी येतात, तलवारीच्या पात्यासारख्या शेपटीची बदके येतात, पसरट चोचीचे थापटे येतात. कुणी तिबेटाकडून, कुणी थेट सैबेरियाकडून. ह्या पाहुण्यांच्या मागोमाग दुसरेही पाहुणे येतात. ते मोटारीने येतात, बहुधा शनिवारी रात्री नाहीतर रविवारी पहाटे, आणि त्यांच्या डिकीत छर्ऱ्याची बंदूक असते. आपल्यापैकी कुणाच्या तरी बांधावर गाडी उभी राहते. "दादा, इकडे तित्तर आहेत का हो?" असे विचारले जाते. दादा शहरातल्या माणसाला नाही म्हणायला लाजतात. चहा होतो, वाट दाखवली जाते. थोड्या वेळाने आवाज येतो आणि गाडी निघून जाते.

गेल्या हिवाळ्यात ह्या एकाच विषयावर तीन तऱ्हेची माणसे आमच्याकडे येऊन गेली. पहिले आले ते दुर्बिणी गळ्यात घातलेले कॉलेजचे तरुण. त्यांचे म्हणणे, "फादर, तुमच्या लोकांच्या शेतांतून शिकारी आत शिरतात, तुम्ही वेदीवरून चार शब्द का बोलत नाही?" दुसरे आले आपल्याच धर्मग्रामातील एक वयस्क शेतकरी. ते म्हणाले, "पाखरांची बाजू घेणारे पुष्कळ आहेत. माझ्या पेरूची अन् सूर्यफुलाची बाजू कोण घेणार?" तिसरी आली ती एक पारधी बाई. तिचा मुलगा जाळ्यातले चार लावे घेऊन जाताना पकडला गेला होता. त्याच आठवड्यात त्याच शिवारात बंदूक वाजवून गेलेल्या गाडीचे मात्र काही झाले नव्हते. तिला वकील हवा होता.

आमचे मत आधीच सांगून टाकतो, मग त्याची कारणे देऊ. बंदुकीने पाखरे मारणे पूर्णपणे बंद झाले पाहिजे, हौसेने असो वा 'थोडेसेच' असो. तथापि पक्षीरक्षकांनी आजवर हे काम ज्या रीतीने चालविले, त्यातील पुष्कळसे आम्हांस पटत नाही. शेतकऱ्याला बाजूला सारून आणि गरिबाला तुरुंगात घालून पाखरे वाचत नाहीत. त्याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे.

भोपाळात राहून शिकार हा विषय कुणाला परका म्हणता येणार नाही. इथले नबाब हमीदुल्ला खान शिकारीचे मोठे शौकीन होते. चिकलोदचा तलाव व तिथली कोठी त्या शौकाची साक्ष देत उभी आहेत. संस्थानी शिकार म्हणजे काय होते हे पाहायचे तर भरतपूरला जावे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो ह्यांच्या मंडळींनी तिथे एका दिवसात ४,२७३ पाखरे मारली. तो आकडा दगडावर कोरून ठेवला आहे. कोरणाऱ्यांना त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसले नव्हते. आज तीच पाटी वाचून लोक मान हलवतात.

आणि गंमत अशी की पाखरांचा सर्वांत मोठा कैवारीही बंदुकीतूनच आला. सलीम अलींनी लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, आणि ती कोणती हे विचारायला १९०८ साली ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. मिलार्ड नावाच्या सचिवांनी त्या पोराला हाकलून दिले नाही, कपाटे उघडून पेंढा भरलेली पाखरे दाखविली. पुढे ह्याच गृहस्थांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर ह्या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. पक्षीमित्र तरुणांनी मिलार्डसाहेबांचे कपाट जरूर ध्यानी ठेवावे. बंदूक घेतलेल्या प्रत्येक पोराला पोलिसात देण्याआधी एकदा कपाट उघडून पाहायला काय हरकत आहे?

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा लहान शिकारीचे परवाने मिळत असत. तो दरवाजा १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला. २०२२ साली पुन्हा दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि दंडाच्या रकमा वाढल्या. तित्तर, लावा, बदक अशी बहुतेक सर्व रानपाखरे संरक्षित आहेत. मारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मोरासारख्या पहिल्या अनुसूचीतील पाखराबद्दल तर किमान तीन वर्षे, आणि सात वर्षांपर्यंत कैद. शिवाय हत्यार, जाळे आणि गाडीही जप्त होते. पुष्कळांचा असा समज आहे की ठराविक ताकदीखालच्या छर्ऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून तिने पाखरू मारलेले चालते. हा समज साफ चुकीचा. परवाना नको तो बंदूक ठेवायला, जीव घ्यायला नव्हे. चाकूलाही परवाना लागत नाही.

कुणी म्हणेल, फादर, दोन तित्तरांवरून केवढा हा बाऊ! त्यांनी गुणा जिल्ह्यातील आरोनची हकीगत आठवावी. मे २०२२ मध्ये तिथे रात्री शिकाऱ्यांना अडवायला गेलेल्या पोलिसांवर गोळीबार झाला. तीन पोलीस ठार झाले. मागे सापडली ती काळविटांची शिरे आणि एक मेलेला मोर. लग्नाच्या जेवणासाठी ही शिकार होती, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले. तीन घरांत रडारड झाली, नंतर शिकाऱ्यांपैकीही माणसे पोलिसांच्या गोळीने मेली. सुरुवात प्रत्येक ठिकाणी 'दोन तित्तरां'नीच होते असे आम्ही म्हणत नाही. पण रात्री बंदूक घेऊन दुसऱ्याच्या शेतात शिरायची सवय एकदा लागली, की अडवणारा माणूसही शिकारीच्या आड येणारी वस्तू दिसू लागतो.

धर्मशास्त्र शिकताना आम्हांस एक गोष्ट नीट शिकविली गेली: कृत्य एकच असले तरी हेतू आणि परिस्थिती वेगळी असू शकते. पाखरू मारण्याचे तीन हेतू आम्हांस दिसतात. पोटासाठी, पिकासाठी आणि हौसेसाठी. पवित्र शास्त्र पहिल्याला बंदी करीत नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घरट्याविषयीचा नियम आहे, तो पाहावा. वाटेत घरटे सापडले तर पिले घ्यावीत, पण आईला सोडून द्यावे. जो शेतकरी आहे त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. बियाण्याची कणगी कुणी खात नाही. गणनेच्या अकराव्या अध्यायात लावे पाखरांचे थवेच्या थवे छावणीवर पडतात, लोक दिवसरात्र हावरटासारखे गोळा करतात आणि ते त्यांना बाधते. तिथेही दोष खाण्याला नाही, हावेला आहे. मोटारीतून येणाऱ्याच्या घरी फ्रिज भरलेला असतो. त्याला तित्तर पोटासाठी नको, सोमवारी कचेरीत सांगण्यासाठी हवे.

परंतु पिकासाठी मारणाऱ्याचे म्हणणे वेगळे आहे आणि ते आम्ही ऐकून घेतो. पक्षीमित्र कधीकधी असे बोलतात जणू प्रत्येक पाखरू शेतकऱ्याचा मित्रच आहे. तसे नाही. पोपटांचा थवा सूर्यफुलावर बसला की फुलाचे काय उरते हे ज्याने पाहिले आहे त्याला पोपट मित्र वाटणार नाही. पेरूवाल्यालाही वाटणार नाही. ज्वारी दुधात आली की चिमण्या आणि मुनिया कणसे चोखतात. कोवळ्या हरभऱ्यात क्रौंचांची टोळी उतरली तर शेंडे खाते. हे नुकसान खरे आहे आणि ते कुणी भरून देत नाही. असे असताना शेतकऱ्याला 'निसर्गाचा शत्रू' म्हणणे अन्यायाचे आहे.

पण हिशोब करायचा तर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. हरभऱ्याच्या घाट्याला भोक पाडून दाणा खाणारी घाटेअळी आपणा सर्वांना ठाऊक आहे. साळुंकी, कोतवाल, गायबगळे आणि चास तिच्यावर तुटून पडतात. म्हणूनच कृषी खाते हरभऱ्यात पक्षीथांबे लावायला सांगते. एक उंच काठी, तिला वर आडवी काठी, असे हेक्टरी वीसेक थांबे पिकाच्या थोडे वर राहतील असे रोवायचे. खर्च जवळजवळ नाही. पाखरे त्यावर बसतात, अळी टिपतात. दाणे भरून पक्व होऊ लागले की थांबे काढून घ्यावे, नाहीतर दाणा खाणारेही त्यावरच बसतील. रात्री त्याच काठीवर पिंगळा बसतो आणि उंदीर उचलतो. ज्याच्या शिवारात बंदूक वाजते त्याच्या थांब्यावर पाखरू बसेल कशाला? तित्तरावर झाडलेल्या गोळीने कोतवालही उडून जातो. नुकसान शिकाऱ्याचे होत नाही, आपले होते.

चीनमध्ये १९५८ साली सरकारने चिमण्यांवर मोहीम काढली. धान्य खातात म्हणून उंदीर, माश्या आणि डासांबरोबर त्यांनाही मारायचे ठरले. लोकांनी थाळ्या वाजवून चिमण्यांना बसू दिले नाही, त्या दमून पडल्या, घरटी मोडली, अंडी फोडली. मग टोळ व किडे वाढले. त्यानंतरच्या भीषण दुष्काळाला सरकारची इतर धोरणेही कारण होती, पण कीड वाढल्याने पिके अधिकच गेली. १९६० साली चिमणीचे नाव यादीतून काढून तिथे ढेकणाचे घालावे लागले. सरकारे मागे फिरू शकतात. मेलेल्या चिमण्या फिरत नाहीत.

आता ह्या पानाचा अर्धा विषय आरोग्याचा आहे, आणि शिकारीचे पाखरू हा आरोग्याचाही प्रश्न आहे. छर्रा शिशाचा असतो. पाखराच्या अंगात तो शिरतो तेव्हा त्याचे बारीक कण मांसात पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत, शिजवून जात नाहीत. शिसे शरीरात साठते. लहान मुलांच्या मेंदूला ते सर्वांत वाईट: बुद्धी मंदावते, रक्त कमी होते. शिशाचे अमुक इतके प्रमाण सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. चुकलेले छर्रे तळ्याच्या गाळात पडतात. बदके दाणे दळण्यासाठी खडे गिळतात, त्या खड्यांबरोबर छर्रे गिळतात आणि बंदूक न लागताही मरतात. म्हणूनच अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छर्रा बंद केला, आणि युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागी तो बंद केला. तिथे शिकार कायदेशीर असूनही.

दुसरी रीत अधिक भयंकर. काही ठिकाणी दाण्यांना कार्बोफ्युरानसारखे कीटकनाशक चोळून ते तळ्याकाठी टाकतात. पाखरे खातात, लोळतात, गोळा होतात आणि बाजारात विकली जातात. भोपाळकराला कार्बामेट हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. १९८४ च्या डिसेंबरात ज्या कारखान्यातून मृत्यू बाहेर पडला, तिथे ह्याच जातीची कीटकनाशके तयार होत असत. असे विष खाल्लेले पाखरू पोटात गेल्यास तोंडाला लाळ सुटणे, घाम येणे, उलटी, जुलाब, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसतात. घरगुती उपाय करीत बसू नये, तडक रुग्णालयात न्यावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. शिकारीचे मांस खाल्ले हे सांगायची भीती वाटते म्हणून रोग्याचा जीव घालवू नये. डॉक्टर पोलीस नव्हेत.

तिसरी गोष्ट, आपोआप मेलेले पाखरू. डिसेंबर २०२० अखेर आणि जानेवारी २०२१ मध्ये इंदूर, मंदसौर भागात कावळे मरून पडू लागले. नमुने तपासले गेले ते आपल्या आनंदनगरच्या पशुरोग प्रयोगशाळेत, आणि बर्ड फ्लू निघाला. म्हणून तळ्याकाठी मेलेले किंवा डुलणारे बदक दिसले तर 'आयते मिळाले' म्हणून उचलू नये, उघड्या हाताने शिवू नये, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ तर मुळीच आणू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्यावी.

आणि एक चौथी, जिच्याविषयी आम्हांस फार वाईट वाटते. प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून धडाका काढायची देशी बंदूक माकडे आणि पाखरे हाकण्यासाठी शेतांत वापरली जात होती. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत ती खेळणे म्हणून रस्त्यावर विकली गेली. पेटली नाही म्हणून पोरे नळीत डोकावून पाहू लागली, आणि तेवढ्यात वायू भडकला. भोपाळ, विदिशा आणि आसपास शंभराहून अधिक जण, त्यांत पुष्कळ मुले, डोळे भाजून रुग्णालयांत दाखल झाली. काहींची दृष्टी गेली. नंतर बंदी आली. ज्यांच्या खळ्यात किंवा कोठीत अशी नळी अजून पडली असेल त्यांनी ती आजच मोडून टाकावी आणि उरलेला कार्बाइड मुलांच्या हाती लागू देऊ नये. पाखरे हाकायला माळ्यावर बसून गोफणीचा आवाज, वाऱ्याने फडफडणारी चकाकती फीत, आणि शेजाऱ्यांनी मिळून एकाच वेळी पेरणी करणे, म्हणजे सगळा थवा एकाच शेतावर पडत नाही, हे जुने उपाय आहेत. त्यांत माणूस आंधळा होत नाही.

इथवर पक्षीमित्र तरुण आमच्यावर खूष झाले असतील. आता त्यांच्यासाठी दोन शब्द.

आपल्याच मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा नावाचा भाग आहे. तिथे माळढोक होते, त्या भागात त्यांना सोनचिरैया म्हणतात. १९८१ साली तिथे अभयारण्य झाले. पण ती जमीन काही मोकळे रान नव्हती, गावेच्या गावे आणि लोकांच्या मालकीची शेते त्यात आली. शेत विकता येईना, घेता येईना. मुलीच्या लग्नासाठी एकर विकायचा तर तो मार्गही बंद. संरक्षण मिळाल्याने काळवीट वाढले आणि पिके खाऊ लागले. सुरुवातीला ज्या पाखराचा गावाला अभिमान होता, तेच पाखरू लोकांच्या डोळ्यांत खुपू लागले. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्यात माळढोक उरला नाही. अभयारण्य कागदावर होते, पाखरू नव्हते, आणि शेतकरी अडकलेलेच होते. ह्यात शिकारी कोण, असे आम्ही पक्षीमित्रांना विचारतो.

भरतपूरचेही तसेच. तो राजांचा शिकारखाना मोडून राष्ट्रीय उद्यान झाले ही चांगलीच गोष्ट. परंतु १९८२ साली म्हशींच्या चराईवर एकाएकी बंदी आली, गावकरी उठले आणि नोव्हेंबरात पोलिसांच्या गोळीने माणसे मेली. पुढे मुंबईच्या त्याच नॅचरल हिस्टरी सोसायटीने वर्षानुवर्षे अभ्यास करून काढलेला निष्कर्ष असा: म्हशी गेल्यामुळे गवत माजले, उघडे पाणी कमी झाले आणि पाखरांचेच नुकसान झाले. गुराख्याला हे विचारले असते तर त्याने त्याच दिवशी सांगितले असते.

आणि आता त्या पारधी बाईकडे वळतो. पारध्यांवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का गेला नाही. एके काळी शेतकरीच त्यांना पीक राखण्यासाठी बोलावीत. फासे आणि जाळी हाच त्यांचा धंदा, तोच आता गुन्हा झाला, आणि बदली धंदा कुणी दिला नाही. पकडण्याचा आकडा वाढवायचा तर पायी जाणारा पारधी सोपा, गाडीतून जाणारा अवघड. आम्ही म्हणत नाही की लावे पकडणे योग्य आहे. आम्ही एवढेच म्हणतो की कायद्याचा हात आधी डिकीपर्यंत पोहोचू दे. पन्नात काही पारधी तरुण आता प्रवाशांना जंगल दाखवतात. महाराष्ट्रात वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे 'संवेदना' ह्या संस्थेने फासेपारध्यांना बरोबर घेऊन तणमोराचे संरक्षण चालविले आहे. गवतातले घरटे कुठे असेल हे फासे लावणाऱ्याइतके कुणाला कळणार? तेच ज्ञान, उपयोग दुसरा.

ह्याहून मोठे उदाहरण नागालँडचे आहे, आणि ते ख्रिस्ती गावांचे असल्यामुळे आपण ते विशेष लक्ष देऊन ऐकावे. वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या पाण्याभोवती दर ऑक्टोबरात अमूर ससाणे उतरतात. पारव्याएवढे लहान पाखरू, किडे आणि वाळवी खाणारे. सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघून ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जाते. २०१२ साली तिथे मासे धरायची जाळी झाडांमध्ये उभी बांधून लोक हे ससाणे हजारोंनी धरीत होते. काठीला बांधून, सोलून, वाळवून विकत होते. त्याचे चित्रण बाहेर आले आणि जगभर ओरड झाली. ज्यांनी जाळी लावली त्यांतील बऱ्याच जणांची शेती धरणाच्या पाण्याखाली गेली होती, म्हणून ते मासेमारीकडे वळले होते, ही गोष्ट ओरड करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत होती.

तिथे पुढे जे झाले ते करेऱ्याहून अगदी वेगळे. सरकारने दटावले हे खरे, पण निर्णय घेतला तो पांगती आणि शेजारच्या गावांच्या पंचमंडळींनी. त्यांनी स्वतः बंदी घातली आणि स्वतःचा दंड ठरविला. बाप्टिस्ट मंडळ्यांतून हा विषय बोलला गेला, मुलांना शिकविला गेला. २०१३ च्या ऑक्टोबरात, म्हणजे अवघ्या एका वर्षाने, जाळी लागली नाहीत. त्या वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी बारीक यंत्रे बसविली आणि त्यांना नागा, पांगती आणि वोखा अशी नावे दिली. आपल्या गावाच्या नावाचे पाखरू अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेले आणि परत आले, हे गावकरी रोज विचारू लागले. ज्यांनी जाळी बांधली त्यांतीलच काही आता पाहुण्यांना घरी उतरवून घेतात. सगळ्यांची गेलेली कमाई भरून निघाली असे मात्र नाही, ते गावकरी स्पष्ट सांगतात आणि ते सांगण्याचा त्यांना हक्क आहे. अरुणाचलातही २०२१ पासून लोकांनी आपण होऊन छर्ऱ्याच्या बंदुका जमा केल्या, त्यांचा आकडा दोन हजारांवर गेला.

उलट माल्टा पाहा. संत पौलाचे जहाज जिथे फुटले ते बेट, कॅथॉलिकांचा देश. वसंतात घरट्यांकडे परतणारे होले आणि लावे मारण्यावरून तिथे शिकारी आणि पक्षीरक्षक ह्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. एप्रिल २०१५ मध्ये सार्वमत घेतले. शिकाऱ्यांच्या बाजूने शंभरात पन्नासाहून किंचित अधिक, विरुद्ध पन्नासाहून किंचित कमी. देश बरोबर दुभंगला, आणि कज्जे आजही चालू आहेत. मोजणी करून कुणीतरी जिंकले, पण ज्याच्या शेतातून पाखरू जाते आणि जो दुर्बिणीतून बघतो ते दोघे एका बाकावर बसले नाहीत.

आपल्याकडे अजून बाक रिकामे आहेत. पाहणाऱ्यांकडे दुर्बिणी आहेत, पण रात्री शिवारात जागे असतो तो पाणी द्यायला गेलेला शेतकरी. शाजापूरकडे काळविटांनी पिके खाल्ली तेव्हा लोकांनी आवाज उठविला, आणि २०२५ साली सरकारने हेलिकॉप्टर लावून कळप हाकले, बंदूक न चालविता दुसरीकडे नेऊन सोडले. म्हणजे शेतकऱ्याचे ऐकले जाते, एकत्र बोलला तर.

तेव्हा आमची मागणी दोन्हीकडे आहे. शेतकरी बंधूंनो, आपला बांध हा आपला आहे. बंदूक घेऊन आलेल्याला आत येऊ देऊ नका, ओळखीचा असला तरी. चहा जरूर द्या, बंदूक गाडीत ठेवायला सांगा. ऐकले नाही तर गाडीचा नंबर आणि वेळ लिहून वनखात्याला लेखी कळवा. एकट्याने तोंड देऊ नका, विशेषतः रात्री. आरोन आठवा. लेखी तक्रारीची नक्कल ठेवा. खात्याने हालचाल केली नाही तर साठ दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक स्वतः न्यायालयात जाऊ शकतो, ही सोय कायद्यातच आहे. एकाने तक्रार केली तर शेजारी वैर धरतात, म्हणून पाचसात शेतकऱ्यांनी मिळून सही करावी. आम्हीही सही करू.

आणि पक्षीमित्र तरुणांनो, आमच्या वयस्क शेतकऱ्याच्या पेरूच्या बागेत एक दिवस पहाटेपासून बसा. पोपट किती खातात ते वहीत लिहा, जसे तुम्ही बदके लिहिता. जाळी टाकण्याचा खर्च तुमच्या संस्थेने थोडा उचलला तर बाग वाचेल आणि पोपटही. छायाचित्र काढायला दुसऱ्याच्या हरभऱ्यातून चालत जाऊ नका, ही तक्रार आमच्याकडे शिकाऱ्यांच्या तक्रारीइतकीच येते.

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. भोजताल आणि हलालीवरही पाखरे मोजली जातात. ह्या वेळी ज्यांची शेते पाण्याच्या अंगाला आहेत अशा आपल्या कुटुंबांतून दोघे-तिघे जाऊ इच्छित असतील तर त्यांनी मिस्सेनंतर नाव द्यावे. त्या पारधी बाईच्या मुलाचा जामीन झाला आहे. त्याला शीळ ऐकून लावा कुठल्या झुडपात आहे ते सांगता येते. त्यालाही बरोबर घ्यावे असे आम्ही तरुणांना सुचविले आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही, आम्ही पुन्हा विचारणार आहोत.